‘साठी बुद्धि नाठी’ हें कोणीं ठरविलें?

घरांतील वृद्ध माणूस विसरूं लागलें, त्याचें जेवणाखाण्यावरून मन उडालें किंवा अपरात्रीं उठून तें कांहींबाहीं बोलूं लागलें, कीं ‘म्हातारचळ लागला’ असें म्हणून आपण मोकळे होतों. डॉक्टरास बोलावण्याचें मग कोणास सुचत नाहीं. या एका शब्दाखालीं किती निरनिराळे रोग आपण कोंबीत असतों, हें ज्यांनीं उलगडून दाखविलें त्या मनोवैद्याचा परिचय आज आमच्या वाचकांस, विशेषतः गृहिणींस, करून द्यावा असें आम्हांस वाटतें.

मार्टिन रॉथ यांचा जन्म १९१७ सालीं बुडापेस्टचा. वैद्यकाचें शिक्षण मात्र लंडनला झालें. चिचेस्टर येथील ग्रेलिंगवेल मनोरुग्णालयांत असतां त्यांनीं साठी उलटलेल्या रोग्यांचे वर्ग पाडले आणि सहा महिन्यांनीं व दोन वर्षांनीं प्रत्येकाचें काय झालें, तें पाहिलें. वृद्धाचें चित्त बिघडलें म्हणजे मेंदू झिजला, यापलीकडे तेव्हां विचार क्वचितच होई. १९५५ च्या त्यांच्या निबंधानें हा समज हालला. मेंदूच्या क्षयानें बुद्धि गेलेले बहुतेक रोगी दोन वर्षांत मरण पावले होते. परंतु विषादानें ग्रासलेल्यांपैकीं बरेच जण बरे होऊन घरीं परतले होते. बाहेरून दोन्ही म्हातारे सारखेच मुके, सारखेच उदास. पण एकाचा रोग हटणारा! त्यास ‘आतां वयच झालें’ म्हणून कोपऱ्यांत बसविणें हा आमच्या मतें निव्वळ अन्याय होय.

तिसरा प्रकार अकस्मात् उद्भवणाऱ्या भ्रमाचा. ज्वर, मूत्रमार्गाचा विकार, एखादें नवें औषध, असें कांहीं तरी त्याच्या मुळाशीं असतें. कालपर्यंत नीट बोलणारे मामंजी आज घरच्यांस ओळखीत नसतील, तर तें वय नव्हे, दुखणें होय. त्याच दिवशीं डॉक्टर आला पाहिजे.

पुढें न्यूकॅसल येथें प्राध्यापक असतां रॉथ यांनीं ब्लेस्ड व टॉमलिन्सन यांच्यासह रोग्यांच्या बुद्धीची हयातींत परीक्षा घेतली आणि मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूंतील सूक्ष्म चकत्या मोजल्या. चकत्या अधिक तसा बुद्धिभ्रंशहि अधिक, असें १९६८ सालीं त्यांनीं दाखविलें. १९७१ सालीं ते रॉयल कॉलेज ऑफ सायकिॲट्रिस्ट्सचे पहिले अध्यक्ष झाले. नंतर केंब्रिजची प्राध्यापकी आली, ‘सर’ किताब मिळाला. २००६ सालीं ते वारले.

अशा रोग्याकडे आलेला डॉक्टर प्रथम विचारतो, ‘हें केव्हांपासून?’ त्याचें उत्तर रोग्याजवळ नसतें, सुनेजवळ किंवा मुलीजवळ असतें. तेव्हां पहिल्या दिवसाची तारीख टिपून ठेवावी, आणि चालू असलेल्या साऱ्या गोळ्या एका पिशवींत घालून त्याच्यापुढें ठेवाव्या.