शाळा कधी अन् कशी उघडायची, हे ग्रामसभेनं ठरवावं



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पोळा तोंडावर आलेला असेल. दाव्यांची अन् मोजणीची माहिती आतल्या पानावर आहेच. संपादकीयात मात्र या वेळी आम्ही शाळेवर लिहितो आहोत. काहीजण म्हणतील, वावराचं सोडून हे शाळेचं काहून काढलं? त्याचं उत्तर पुढं देतो, आधी हकीकत ऐका.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. होळी नुकतीच झाली होती. वीटभट्टीवरून, शहरातल्या बांधकामावरून जे सणाला आले होते ते गावातच अडकले, अन् जे आले नव्हते ते पायी आले. तेव्हापासून ऑगस्ट २०२१ पर्यंत सरकारी हुकमानं आपल्या ढाण्यावरची पहिली ते चौथीची शाळा एक दिवसही उघडली नव्हती. जून २०२० मध्ये पहिलीत नाव लागलेलं लेकरू २०२१ मध्ये कागदावर दुसरीत बसलं होतं. वर्ग आतून कसा असतो हे त्यानं पाहिलंच नव्हतं. जे तेव्हा दुसरीत होते अन् जोडाक्षरं नुकती शिकत होते, ते २०२१ मध्ये चौथीत होते अन् बाराखडी विसरले होते. हे आम्ही गावागावात फिरताना पाहतो, कोणाचा अहवाल वाचून सांगत नाही.

वरून आदेश मात्र आले अन् गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावी उघडली. २७ जानेवारी २०२१ ला पाचवी ते आठवी उघडली. महिना होत नाही तर आपल्याच अमरावती-अकोल्यात दुसरी लाट उसळली, २२ फेब्रुवारीपासून अमरावती अन् अचलपूरला लॉकडाऊन लागला, शाळा पुन्हा बंद. मग ७ जुलैचा शासन निर्णय आला : ज्या गावात महिनाभर कोरोनाचा पेशंट नाही तिथं ग्रामपंचायतीनं पालकांशी बोलून ठराव करावा अन् आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करावे. १० ऑगस्टला आणखी एक आदेश निघाला, की १७ तारखेपासून खेड्यात पाचवीच्या पुढचे वर्ग भरतील. तो आठवडा उलटायच्या आत थांबवला.

७ जुलैचा निर्णय आम्ही दोनदा वाचला. त्यात एक गोष्ट चांगली आहे. ठरवायचं काम पहिल्यांदा गावाकडं आलं. सरपंचाच्या अध्यक्षतेखाली समिती, तीत तलाठी, ग्रामसेवक, दवाखान्याचा डॉक्टर, मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. एका बाकावर एक विद्यार्थी, दोन बाकांत सहा फूट अंतर, एका वर्गात १५-२० पोरं. वाचायला बरं वाटतं.

पण हा निर्णय ज्या गावाला डोळ्यासमोर ठेवून लिहिला ते गाव आपलं नाही. ज्या गावात हायस्कूल आहे त्याच्यासाठी तो आहे. आपल्या बहुतेक गावांत शाळा चौथीपर्यंत, फार तर सातवीपर्यंत. आठवीचा पोट्टा आपल्या गावात शिकतच नाही. तो आश्रमशाळेत शिकतो, अन् आश्रमशाळा दुसऱ्या गावी. म्हणजे गाव कोरोनामुक्त ठरलं तरी त्या गावात उघडायला वर्ग नाही, अन् जो वर्ग उघडायची परवानगी होती तो आपल्या गावात नाही. धारणी-चिखलदऱ्यातल्या कित्येक गावांना या निर्णयाचा उपयोग शून्य.

आणखी एक. महिनाभर पेशंट नाही हे कोण सांगणार? आपल्याकडं तपासणीलाच लोक जात नाहीत. ताप आला तर आधी भूमकाकडं, मग मेडिकलची गोळी. तपासलं नाही तर पेशंट सापडणार नाही, अन् गाव कागदावर आपोआप मुक्त. अशा कागदावर विसंबून लेकरं एका खोलीत कोंबायची नाहीत. हे आम्ही आपल्याच लोकांना सांगतो आहोत, फक्त सरकारला नाही.

आता मुद्द्याचं. लहान्यांची शाळा आधी उघडावी की मोठ्यांची? २०२१ मध्ये सरकार वरून खाली येत होतं : आधी बारावी, मग आठवी, मग पाचवी, पहिली कधी ते देवाला माहीत. पण २० जुलैला आयसीएमआरचे तेव्हाचे महासंचालक बलराम भार्गव दिल्लीत काय बोलले? शाळा उघडायच्याच असतील तर प्राथमिक आधी उघडणं शहाणपणाचं, कारण लहान लेकरं हा विषाणू मोठ्यांपेक्षा बऱ्यानं झेलतात. त्यांच्याच पाहणीत ६ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, म्हणजे शाळा बंद असूनही आजार निम्म्याहून जास्त लेकरांना शिवून गेला. मात्र त्यांनी एक अट सांगितली : शिक्षक अन् शाळेशी संबंध येणाऱ्या सगळ्या माणसांनी लस घेतलेली असली पाहिजे.

आपल्यासाठी हे आणखी खरं आहे. पहिली ते चौथीचं लेकरू त्याच ढाण्यावर राहतं. दिवसभर त्याच पोरांसोबत नदीवर, गुरामागं, पंपावर असतं. शाळेत आलं म्हणून नवीन माणसं भेटत नाहीत. आश्रमशाळेचं उलट आहे. तिथं वीस गावांची मुलं एका हॉलमध्ये चटईला चटई लावून झोपतात, एका रांगेत जेवतात, अन् सुटीत वीस गावांत परत जातात. फेब्रुवारीत वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात एका निवासी शाळेत २२९ मुलं बाधित निघाली, त्यातली बरीच अमरावती-यवतमाळची होती. तेव्हा आमचं म्हणणं सरळ आहे. गावातली शाळा आधी, आश्रमशाळा मागाहून अन् पूर्ण तयारीनं. सरकारचा क्रम उलटा होता.

कोणी म्हणेल, तोवर मोबाईल आहे, टीव्ही आहे. ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ म्हणून अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर येत होता, सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ लागत होती, आदिवासी विकास विभागाचं ‘अनलॉक लर्निंग’ होतं. करणाऱ्यांनी मेहनत केली, नाही म्हणत नाही. पण हरिसालला २०१६ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजवलं, अन् त्याच मेळघाटात २०२१ मध्येही रेंजसाठी पोट्टे टेकडीवर चढत होते. फोन एक, तो बापाजवळ, बाप कामावर. अन् समजा सगळं असलं, तरी टीव्हीतली बाई मराठीत बोलते. घरी पाण्याला ‘डा’ म्हणणारं सहा वर्षांचं लेकरू ते काय समजणार? त्याला कोरकूत समजावून सांगणारा माणूस समोर लागतो.

म्हणून ग्रामसभा बोलवा, अन् योजना गावानंच करा. सभा उघड्यावर घ्या, तोंड बांधून, अंतर ठेवून. बाया आल्याच पाहिजेत, कारण लेकराला ताप आहे की नाही हे सकाळी त्यांनाच कळतं. ठरावात काय असावं यावर आम्ही काही साथींशी, आशाताईंशी बोललो, त्यातून निघालेलं लिहितो. गावागावानं आपलं पाहून बदलावं.

सगळ्यात आधी हवा. हा आजार बंद खोलीतल्या हवेत साचतो, मोकळ्यावर पातळ होतो. बाक पुसण्यात अर्धा दिवस घालवण्यापेक्षा खिडक्या उघड्या ठेवा. पण आपल्याकडं आता पाऊस आहे, चिखलदऱ्याच्या बाजूनं तर धुवांधार, झाडाखाली शाळा भरत नाही. तेव्हा व्हरांडा, समाजमंदिराची ओसरी, नाही तर तिन्ही बाजू मोकळ्या ठेवून ताडपत्रीचा मांडव. दिवाळीनंतर मग मोहाखाली बसा. जिथं शाळेला एकच खोली आहे अन् शेजारची जागा वनविभाग आपली म्हणतो, तिथं वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वापरा. शाळेसाठी एक हेक्टरच्या आत वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीनं मिळते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटत नसतील तर. हे कलम आपण रस्त्यासाठी, अंगणवाडीसाठी मागतो, शाळेसाठी विसरतो.

मग गट. वर्गाप्रमाणं गट करू नका, ढाण्याप्रमाणं, मोहल्ल्याप्रमाणं करा. जी लेकरं घरी एकत्र खेळतात ती शाळेत एकत्र बसू द्या. एक गट सकाळी, एक दुपारी. एखाद्या घरी पेशंट निघाला तर तेवढा एक गट १४ दिवस घरी, बाकी शाळा चालू. एक खोकला अन् सहा महिने कुलूप, असं पुन्हा व्हायला नको. शाळेच्या दारात आशाताईनं ताप पाहावा. लेकराला ताप असेल तर परत पाठवताना त्याला रागावू नये, नाही तर उद्या माय ताप लपवील. मास्क मोठ्या पोरांना. पाच वर्षांखालच्यांना लावू नये असं आरोग्य खात्याचंच म्हणणं आहे. दुपट्टा असला तरी चालतो, दुहेरी बांधा अन् रोज धुवा.

खरा धोका बाहेरून येतो. गुरुजी परतवाड्याहून नाही तर अकोटहून मोटारसायकलनं येतात, आपण आठवडी बाजारात जातो, भट्टीवरून माणसं परत येतात. म्हणून गुरुजींनी लस घेतलेली असावी, शक्य असेल तर आठवडाभर गावातच राहावं, गावानं खोली द्यावी. खिचडी शिजवणारी बाई, आशाताई, अंगणवाडीताई, घरातले म्हातारे, सगळ्यांना सुई. इथं आम्हाला कडक बोलावं लागतं. सुई घेतली की माणूस मरते, दोन वर्षांनी मरते, पोरं होत नाहीत, या गोष्टी २०२१ मध्ये फिरत होत्या. लेकरांसाठी लस तेव्हा आलेली नव्हती. त्यांच्याभोवती मोठ्यांनीच कूड उभा करायचा आहे, अन् ज्या घरचा मोठा माणूस सुई घेत नाही तिथं कुडाला भोक आहे.

शिकवायला माणूस कमी पडेल, दोन पाळ्या म्हटल्यावर. गावात दहावी-बारावी झालेली पोरं-पोरी बसून आहेत. त्यांना दोन तास द्या. कोरकूतून गोष्ट सांगायला, पाढे म्हणून घ्यायला डी.एड. लागत नाही. मानधन, साबण, तापाचं मीटर, ताडपत्री यासाठी पैसा कुठून? धारणी-चिखलदऱ्यातल्या पेसा गावांना २०१५ पासून पाच टक्के अबंध निधी येतो, तो कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते, अन् शिक्षण-आरोग्य त्यात बसतं. ग्रामसेवकाला पासबुक सभेत आणायला सांगा. कित्येक गावांत पैसा आला किती हेच कोणाला माहीत नाही.

अकोट-तेल्हाऱ्यातल्या साथींचं वेगळं आहे. केलपाणी, गुल्लरघाट, सोमठाणा, धारगड, बारूखेडा ही गावं वाघासाठी जंगलातून उठून खाली आली. अकोला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून तिथं ना पेसा, ना अबंध निधी. तिथं शाळा व्यवस्थापन समितीच्या नावानं लढावं लागेल. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणं या समितीत चारातले तीन पालक असतात, अन् निम्म्या बाया. शाळेच्या विकासाचा आराखडा करणं हे समितीचं कायद्यानं दिलेलं काम आहे. अन् पुनर्वसनात कबूल केलेली शाळा, पाणी, वीज अपुरी राहिली असेल तर तेही याच अर्जात लिहा.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. शाळेचं काहून काढलं? २०१७ मध्ये या राज्यानं दहापेक्षा कमी पट म्हणून १,३१४ शाळा बंद करायचं ठरवलं होतं. दोन वर्षं लेकरं आली नाहीत, काही भट्टीवर गेली, काही पोरींची लग्नं लागली, की उद्या पट मोजायला माणूस येईल अन् म्हणेल, इथं पोरंच नाहीत, शाळा काहून ठेवायची? ज्या गावात शाळा नाही ते गाव उठवायला सोपं, हे आपण डोळ्यानं पाहिलं आहे. अन् शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर हे आपल्याकडचं एक पक्कं कागद आहे. आज्याचं नाव, गावाचं नाव, ‘कोरकू’ ही नोंद त्यातच सापडते. जातीच्या दाखल्याला तेच लागतं, पडताळणीला तेच लागतं, आपण इथं किती पिढ्यांपासून आहोत हे सांगायलाही कामी येतं. आज ज्या लेकराचं नाव त्यात लागणार नाही, त्याच्या नातवाला हाच त्रास. अन् दावा नामंजूर झाल्याचं पत्र येतं तेव्हा ते वाचतं कोण? घरातलं शिकलेलं लेकरूच न.

पायविहीर, उपातखेडा, नयाखेडा, खतिजापूर या गावांनी २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क घेतले अन् उजाड डोंगर ग्रामसभेनं हिरवा केला, सीताफळ विकून दाखवलं. तेव्हाही साहेब लोक म्हणत होते, तुम्हाले काय जमते. चाळीस लेकरांची शाळा चालवणं त्याहून अवघड नाही.

तर पोळ्याआधी सभा घ्या. दिवाळीनंतर अर्धं गाव कामाला बाहेर जाईल, लेकरं सोबत जातील, मग ठरवायला कोणी उरणार नाही. जी लेकरं मायबापासोबत जाणार आहेत त्यांची यादी आताच करा अन् हंगामी वसतिगृहाची मागणी ठरावातच घाला, नाही तर गावात आज्या-आजीजवळ ठेवून त्यांच्या जेवणाची सोय लिहा. ठरावात पहिली ते चौथी उघडण्याची मागणी पहिल्या ओळीत. चार प्रती करा : गटशिक्षणाधिकारी, गटविकास अधिकारी, प्रकल्प अधिकारी, अन् एक गावाच्या फाईलला. बोटाचे ठसे चालतात, पण नावं ज्याची त्याच्या समोर वाचून दाखवा. ऑफिसात कागद दिल्यावर शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका. साहेब मीटिंगला गेले म्हणतील, बसून राहा. पोचेची नक्कल पुढच्या बैठकीला घेऊन या, ज्या गावांचे ठराव झाले त्यांची नावं येत्या अंकात छापू.