स्त्रियांचें आरोग्य : सारेंच 'पांढरें जाणें' धुपणी नव्हे

एका वडीलधाऱ्या भगिनीनें लिहिलें आहे कीं, लग्नास दोन वर्षें झालेल्या त्यांच्या सुनेला दरमहा मध्येंच तीन-चार दिवस अंगावरून पांढरें जातें. धुपणीवरील काढे व पथ्य चालूं आहे, त्या दिवसांत सुनेस वेगळें निजवितात, तरी गुण नाहीं. ह्या अशक्ततेमुळेंच अपत्य होत नसावें, अशी त्यांस धास्ती आहे. पत्रांतील माया उघड आहे. परंतु जो रोगच नाहीं त्यास गुण यावा कसा?

बीजकोशांत स्त्रीबीज पक्व होऊं लागलें म्हणजे तेथून ईस्ट्रोजेन नांवाचें द्रव्य रक्तांत अधिक मिसळतें. त्याच्या योगें गर्भाशयाच्या मुखांतून पाझरणारा स्राव वाढतो, पातळ व पारदर्शक होतो. वैद्यकीय पुस्तकें त्यास अंड्यांतील पांढऱ्या बलकाची उपमा देतात. आपल्या स्वयंपाकघरांत ती कोणास कळावी ? भेंडी चिरतांना सुटणारी तार आठवावी, म्हणजे झालें. दोन बोटांत ताणला असतां तो चटकन् तुटत नाहीं. दुर्गंधी नसते, खाजहि नसते. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन ह्या दुसऱ्या द्रव्यामुळें तोच स्राव दाट व अल्प होतो.

बीज केव्हां सुटतें ? जपानांतील डॉ. ओगिनो यांनीं १९२४ सालीं दाखविलें कीं, तो काल मागील ऋतूपासून न मोजतां पुढील ऋतूच्या आधीं १२ ते १६ दिवस असा धरावा. ऋतु अनियमित असल्यास हें गणित आधीं मांडतां येत नाहीं. तेथें स्रावाची खूण उपयोगी पडते. ह्या तारदार स्रावांत पुरुषबीज पांच दिवसांपर्यंत तग धरूं शकतें, स्त्रीबीज मात्र जेमतेम एक दिवस. म्हणजे गर्भधारणेचे नेमके जे दिवस, तेच ह्या घरांत दरमहा दवडले गेले ! (संततिनियमनासाठीं मात्र एवढ्याच खुणेवर विसंबणें बेभरवशाचें.)

स्राव पिवळा-हिरवा वा नासलेल्या दुधासारखा गुठळ्यांचा असेल, दुर्गंधी, खाज, ओटीपोटांत दुखणें किंवा अवेळीं रक्त असेल, तर काढ्यांत वेळ न घालवितां डॉक्टरांकडे जावें. पत्रांत यांपैकीं एकहि लक्षण नाहीं. तेव्हां काढे थांबवावे आणि सूनबाईंस वेगळें निजविणें बंद करावें. दोन वर्षें झालींच आहेत, तर तज्ज्ञांकडून तपासणीहि करून घ्यावी. मात्र ती एकट्या सुनेची नव्हे, चिरंजीवांचीहि.