प्रमाणपत्र संगणकावर, परीक्षा वर्गात

दर रविवारी मिस्सा संपली की वसईतल्या चर्चच्या आवारात एक दुसरी शाळा भरते. या शाळेचे शिक्षक बहुधा फादर किंवा सिस्टर नसतात. कोणी बँकेत कारकून असते, कोणी गृहिणी, कोणी कॉलेजात शिकणारा मुलगा. इंग्रजीत त्यांना कॅटेकिस्ट म्हणतात, आपण धर्मशिक्षक म्हणू. पगार नाही, सुट्टी नाही. वर्षारंभी एकदोन दिवसांचे शिबिर आणि आपल्याला लहानपणी कसे शिकवले याची आठवण, एवढ्या भांडवलावर बहुतेकांचे काम चालते. पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी करणारी मुले गेली काही वर्षे माझ्याकडे असतात. परदेशातील एका कॅथलिक संस्थेचा धर्मशिक्षकांसाठीचा ऑनलाईन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. तेव्हा या प्रमाणपत्राचे मोल काय, हे दोन्ही बाजूंनी पाहून सांगता येईल असे वाटते.

प्रशिक्षणाची गरज आहे, यात वाद नको. १५४२ साली गोव्यात आलेले फ्रान्सिस झेवियर रस्त्यातून घंटा वाजवीत मुलांना गोळा करीत आणि धर्मतत्त्वे पाठ करून घेत. प्रश्न, उत्तर आणि घोकंपट्टी ही पद्धत पुढे शतकानुशतके चालली. आजचा आठ वर्षांचा मुलगा मात्र विचारतो, ‘बायबलमध्ये डायनोसॉर का नाहीत?’ पाठ केलेले उत्तर इथे उपयोगी पडत नाही. चर्चची अधिकृत धर्मशिकवण १९९२ साली ग्रंथरूपाने आली, तिचे परिच्छेदच २,८६५ आहेत. त्यातले मुलाला झेपेल ते कोणते आणि ते कसे सांगावे, हे शिक्षकाला कोणीतरी शिकवायला हवे.

ऑनलाईन अभ्यासक्रम हे काम बऱ्यापैकी करतात. अमेरिकेतील डेटन विद्यापीठासारख्या संस्था अनेक वर्षे असे वर्ग चालवीत आहेत. काही आठवड्यांचा एक विषय असतो: बायबलची ओळख, संस्कार, नीतिशास्त्र, अध्यापनपद्धती. आठवड्याचे वाचन करायचे, प्रश्नांची उत्तरे लिहायची, इतरांच्या उत्तरांवर आपले मत मांडायचे आणि मार्गदर्शकाने दुरुस्त्या सुचवायच्या. बंगळूरच्या राष्ट्रीय केंद्रात जाऊन राहणे ज्या गृहिणीला शक्य नाही, ती रात्री भांडी आवरून मोबाईलवर हा अभ्यास करू शकते. ही सोय लहानसहान नव्हे. आमच्याकडे हे काम करणाऱ्यांत स्त्रिया किती आहेत हे पाहिले की तिचे महत्त्व कळते.

चर्चनेही या कामाला अलीकडे वेगळी प्रतिष्ठा दिली आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १० मे २०२१ रोजी धर्मशिक्षकाचे पद ही प्रापंचिकांची अधिकृत सेवा म्हणून स्थापन केली. ती सेवा देण्याचा अधिकार बिशपांचा आहे. प्रमाणपत्र मिळाले म्हणजे नेमणूक झाली, असे होत नाही. इंटरनेटविषयी व्हॅटिकनने २००२ साली काढलेल्या पत्रकातही स्पष्ट म्हटले आहे की इंटरनेटवर संस्कार होत नाहीत. ज्ञान तारेवरून येते, मंडळी तारेवरून येत नाही.

माझी खरी अडचण भाषेची होती. सारा अभ्यास इंग्रजीत. ‘कव्हनंट’ या शब्दावर मी दोन पाने लिहिली आणि शाबासकीही मिळवली. वर्गात मराठीतला ‘करार’ हा शब्द उच्चारताच एका मुलीने विचारले, ‘बिल्डरबरोबर करतात तो का?’ ज्या वसईच्या वाड्या विकल्या गेल्या, तिथल्या मुलीला दुसरे काय आठवणार? हा करार जमिनीचा नव्हे, नात्याचा आहे, हे सांगायला मला सामवेदी बोलीचाच आधार घ्यावा लागला. हे पूर्वी कोणाला कळले नव्हते असे नाही. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेले ख्रिस्तपुराण मराठी ओवीत रचले. श्रोत्यांना पुराण ओळखीचे होते, म्हणून त्यांनी पुराणाचीच वाट धरली. चारशे वर्षांनी आपण मात्र इंग्रजी न येणाऱ्या उत्तम शिक्षिकेला प्रमाणपत्राच्या दाराबाहेर उभे करणार काय?

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. प्रभूची प्रार्थना देवाला बाप म्हणते. ज्याचा बाप रोज पिऊन येतो आणि हात उगारतो, त्या मुलाला ही प्रार्थना कशी शिकवायची? अभ्यासक्रमात यावर चांगली टिपणे होती, ती मी जपून ठेवली आहेत. पण मुलाने मान खाली घातली आहे हे दिसायला वर्गात असावे लागते. त्याच्या आईशी कधी बोलावे, फादरांना कधी सांगावे आणि कधी नुसते शेजारी बसावे, हे जुन्या अनुभवी शिक्षिकेच्या सोबतीनेच उमगते.

म्हणून ऑनलाईन शिक्षणाला नाके मुरडू नयेत आणि त्याच्यावरच विसंबूही नये. नाशिक धर्मप्रांत १९८७ साली झाला, वसईचा १९९८ साली. मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांच्या या दोन्ही धर्मप्रांतांनी मिळून मराठीत अभ्यासक्रम तयार करावा. वाचन आणि लेखन मोबाईलवर होऊ द्यावे, परंतु निदान एक वर्ष उमेदवाराने अनुभवी शिक्षकाच्या नजरेखाली प्रत्यक्ष वर्ग घ्यावा आणि मगच सही व्हावी. मुलांच्या सुरक्षिततेचे धडे त्यात सक्तीचे असावेत. ‘कॅटेकिझम’ या शब्दाच्या ग्रीक मुळाशी घुमणाऱ्या आवाजाचा अर्थ आहे. आवाज घुमायला समोर कोणीतरी लागते. ती मुले आजही रविवारी येत आहेत, तोवर ही तयारी झाली पाहिजे.