पाठीवरचे ओझे कॅरिअरवर
ज्या काळी पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, त्या काळी जिच्या अंगावर कर भरल्याची साक्ष देणारा पत्र्याचा बिल्ला असे, जिला मडगार्ड, चेनकव्हर, स्टँड आणि मागे भक्कम कॅरिअर असे, आणि त्या कॅरिअरवर कधी कारकुनाचे दप्तर, कधी मास्तरांच्या वह्यांचे गठ्ठे, तर कधी दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या गवळ्याच्या किटल्या स्वार होत, त्या सायकलीला व्यायामाचे साधन समजण्याचा विचार कोणाच्या मनाला शिवत नसे. आज रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल दामटणारे गृहस्थ सोमवारी कचेरीला मात्र मोटारीने जातात, आणि त्याचे खापर त्यांच्या आळसावर फोडणे अन्यायाचे आहे. कारण त्यांच्या त्या किमती सायकलीवर जेवणाचा डबा ठेवण्याचीसुद्धा सोय नसते.

कचेरीला जाणाऱ्याबरोबर लॅपटॉप, डबा, बदलायचा सदरा, रेनकोट, कुलूप आणि पंक्चरचे सामान एवढा संसार असतोच. तो पाठीवर घेतला की पाठ घामाने भिजते, खांदे अवघडतात आणि भार उंचावर राहिल्याने वळणावर तोल सावरणे जड जाते. तोच भार कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्यांत, ज्यांना सायकलस्वार पॅनिअर म्हणतात, समसमान विभागून ठेवला, जड वस्तू तळाशी व चौकटीलगत राहतील आणि पॅडल मारताना टाच पिशवीला घासणार नाही अशी दक्षता घेतली, म्हणजे सायकल किंचित मंद होते खरी, पण स्वार मोकळा होतो. पावसाचेही भय बाळगण्याचे कारण नाही. जर्मनीतील ऑर्टलीब हा कारखाना १९८२ पासून तोंड गुंडाळून बंद करायच्या जलाभेद्य पिशव्या तयार करीत आला आहे, आणि तेवढे पैसे खर्चण्याची ऐपत वा इच्छा नसेल तर सामान प्लास्टिकच्या पिशवीत बांधून साध्या कॅनव्हासच्या पिशवीत घालावे. (मडगार्डाविना पावसाळ्यात कचेरी गाठणाऱ्याच्या सदऱ्याची मागली बाजू ज्याने पाहिली आहे, त्याला मडगार्डाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.)

पुणे महापालिकेने २०१७ च्या डिसेंबरात सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, भाड्याच्या सायकली आल्या आणि गेल्या, मार्ग रंगवले गेले आणि त्यांवर स्कूटरी उभ्या राहिल्या. परंतु या साऱ्या ऊहापोहात सायकलस्वार मुक्कामी पोहोचल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. फाटकावरचा पहारेकरी त्याला मागच्या अंगणाकडे पिटाळतो, तेथे सायकल साखळीने जखडायला एक गजही नसतो, आणि घामेजलेला सदरा बदलण्यासाठी त्याला स्वच्छतागृहाच्या दारामागे कसरत करावी लागते. नेदरलँड्समध्ये कामावर सायकलीने येणाऱ्याला मालकाने २०२४ साली किलोमीटरमागे २३ सेंटपर्यंत दिलेला भत्ता करमुक्त धरला जाई. आपल्याकडे भत्त्याची गोष्ट दूर, निदान छप्पर तरी मिळावे.

शिवाय पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत पाळीच्या वेळी हँडलला डबा अडकवून येणारा कामगार हा आजही खरा सायकलस्वार आहे, आणि त्याने सायकल काही पर्यावरणाच्या व्याख्यानाने प्रेरित होऊन धरलेली नाही. आराखड्याची पहिली ओळ त्याच्यासाठी लिहिली गेली पाहिजे. इमारतीच्या नकाशाला मंजुरी देताना तळमजल्यावर छपराखालचा सायकलतळ, चौकट जखडण्यासाठी लोखंडी गज आणि एक न्हाणीघर यांची अट घालावी व तिची अंमलबजावणी महापालिकेने स्वतःच्या क्षेत्रीय कार्यालयांपासून सुरू करावी. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात, तेव्हा जागेच्या टंचाईची सबब खातेप्रमुखांना पुढे करता येणार नाही.