मोडलेला शाफ्ट फेकू नका

गुऱ्हाळ म्हणा की आलेमने, चरकाचा शाफ्ट मोडला की शेरा ठरलेला, ‘माल खराब निघाला!’ मालक लेथवाल्याला ऐकवतो, लेथवाला लोखंडवाल्याला. पण बहुतेक वेळा दोष पोलादाचा नसतोच.

शाफ्टला मोटर पिळते आणि पट्ट्याची ओढ वाकवते. पीळ बराचसा एकसारखा असतो. वाकणं मात्र फसवं. पट्टा एकाच बाजूला ओढतो, पण शाफ्ट फिरत असल्यामुळे त्याच्या अंगावरचा प्रत्येक बिंदू दर फेऱ्याला एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. मिनिटाला 1440 फेरे घेणारी मोटर आठ तास चालली, तर तिच्या शाफ्टला दिवसाला सात लाखांच्या आसपास हेलकावे बसतात. ओढून न तुटणारी तार खालीवर वाकवली की तुटते, तसंच हे.

8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेचे आस यंत्रावर फिरवून फिरवून मोडून पाहिले. ताण एका मर्यादेखाली ठेवला तर पोलाद लाखो फेरे सोसतं, हे त्यातून कळलं. ही मर्यादा एका दमात ओढून तोडायला लागणाऱ्या ताणाच्या साधारण निम्मी, तीही गुळगुळीत नमुन्यावर! खऱ्या शाफ्टला चावीची खाच असते, जाडी बदलते तिथे पायरी असते. त्या पायरीचा कोपरा टोकदार ठेवला तर तिथला ताण दुपटीहून जास्त वाढू शकतो. म्हणून टर्नरला कोपऱ्यात गोलाई ठेवायला सांगा. त्याला दोन मिनिटं जास्त लागतील, लागू देत.

बेअरिंगची जागा झिजली की ‘थोडं घासून देतो’ म्हणतात, तेही जपूनच. ताकद व्यासाच्या घनावर चालते. 40 मिलिमीटरचा शाफ्ट 38 केला की ताकद 14 टक्क्यांनी घटते.

शाफ्ट मोडलाच तर तुकडा भंगारात टाकण्याआधी त्याचं तोंड बघा. एका कडेपासून लाटांसारख्या रेषा असलेला गुळगुळीत भाग दिसला, तर भेग बरेच दिवस वाढत होती. उरलेला खरखरीत भाग शेवटच्या क्षणी तुटलेला. खरखरीत भाग लहान असेल, तर एकूण भार फारसा नव्हता. भेग जिथून निघाली तो कोपरा किंवा खाच आधी तपासा. त्याच मापाचा नवा शाफ्ट तसाच बसवलात, तर तोही तिथेच मोडेल.