पदन्यास कोण लिहिणार?

नाताळात आपले गायकवृंद ‘डिंग डाँग मेरिली ऑन हाय’ हे गीत उत्साहाने गातात. त्याची चाल मूळची नाचाची आहे आणि ती एका धर्मगुरूच्या ग्रंथातून आपल्यापर्यंत आली आहे. फ्रान्समधील लाँग्र कॅथीड्रलचे कॅनन जॅआन ताबूरो यांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर, १५८९ साली, टोपणनावाने ‘ऑर्केसोग्राफी’ प्रसिद्ध केले. त्यात प्रत्येक स्वराशेजारी पदन्यास लिहिला आहे. पवान नाचात दोन एकेरी पावले, मग एक दुहेरी. एकेरी म्हणजे पाऊल टाकून दुसरा पाय जवळ आणणे. दुहेरीत तीन पावले टाकून चौथ्या ठोक्याला पाय जुळवणे. गॅलियार्डमध्ये चार पावले झाली की उडी आणि सहाव्या मात्रेला पाय जमिनीवर. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच मागे पडलेला बास दान्सही या वृद्ध कॅननने वगळला नाही. म्हणून तो आजही नाचता येतो.

आणि आपण? लग्नगीतांच्या ज्या पुस्तिका माझ्या हाती आल्या, त्यांत शब्द आहेत, क्वचित चालीचा उल्लेख आहे. उंबराच्या पाण्याला निघालेल्या बायकांचा कोणता पाय कोणत्या शब्दावर पडतो, याची एक ओळ नाही. तरीही वाद मात्र जोरात! एक म्हणतो, हे नाच पोर्तुगीज वाड्यांतून आले. दुसरा म्हणतो, हे अस्सल आपल्या मातीतले. १५३४ ते १७३९ पोर्तुगीज वसईत होते, एवढ्याने पावलांचा वंश सिद्ध होत नाही. ताडून पाहायला त्यांचे पदन्यास छापील आहेत, आपले नाहीत.

‘नाच अंगात असावा लागतो, लिहून काय होणार?’ असे एका विद्वान स्नेह्यांनी मला सुनावले. मग गाणेही गळ्यातच असते. ते का छापलेत? ‘व्हिडिओ आहेत की!’ लग्नाचा कॅमेरा नवरानवरीच्या चेहऱ्यावर असतो. नाचणाऱ्या बायका कमरेपासून वरच दिसतात. आणि रंगमंचावर लुगडी नेसवून मुलींकडून जे करून घेतले जाते, तो बसवलेला नाच. त्याला परंपरा म्हणणे ही आपणच आपली केलेली फसवणूक होय.

समिती नको, उद्घाटन नको. एक वही, पायांकडे रोखलेला एक कॅमेरा आणि जिला येते ती बाई, एवढेच हवे. माझ्या बहिणीच्या लग्नात मांडवातला नाच जिने रात्रभर चालवला, त्या शेजारच्या मावशींचे गुडघे यंदाच्या पावसाळ्यात धरले. त्या आता ओट्यावर बसून तळहातांनी पावले दाखवतात.