पाटी रस्त्यावर लावली, मग गिऱ्हाईक कोण निवडणार?



मार्च 2022 मध्ये उडुपी जिल्ह्यातील कापूच्या मारीगुडी जत्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकाने मांडू दिली नाहीत. बघता बघता हे लोण राज्यातील इतर जत्रांत गेले आणि पाडव्याच्या सुमारास हलाल मांसावर बहिष्काराची हाकही उठली. विधानसभेत प्रश्न आला तेव्हा सरकारने धर्मादाय नियमांतील 31(12) हा नियम दाखवला. देवस्थानालगतची जागा वा इमारत हिंदूंखेरीज इतरांना भाडेपट्ट्याने देऊ नये, असे तो सांगतो. हा नियम 2002 चा, म्हणजे काँग्रेसचे सरकार असतानाचा आहे. तेव्हा या बाबतीत कोणत्याही पक्षाने दुसऱ्याकडे बोट दाखवू नये.

जत्रा किनारपट्टीवरच्या, पण बोलणे आपल्या बिदर-कलबुर्गीच्या बाजारपेठांतही येऊन पोहोचले आहे. 'दुकान माझे, धर्म माझा. कोणाला माल द्यायचा, कोणाला गाळा द्यायचा, ते मी ठरवीन.' वरवर पाहता हे म्हणणे रास्त वाटते. धर्मस्वातंत्र्य घटनेनेच दिले आहे, मग दुकानदाराला ते का नसावे?

घटना नीट वाचली तर उत्तर तिथेच सापडते. धर्मस्वातंत्र्य देणारे 25 वे कलम सुरू होतानाच म्हणते की हा हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि या भागातील इतर तरतुदींना अधीन आहे. त्या इतर तरतुदींत 15 व्या कलमाचे दुसरे उपकलम येते. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले येथे प्रवेश करण्यास अडवता येणार नाही, असे ते सांगते. मूलभूत हक्कांतील बहुतेक कलमे सरकारचे हात बांधतात. हे मात्र थेट तुमच्या-आमच्या उंबरठ्याशी येते.

29 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा 'दुकान' म्हणजे नेमके काय, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांचे उत्तर असे की हा शब्द व्यापक अर्थाने घ्यावा, आपली सेवा देऊ करणारा कोणीही त्यात आला. त्यांनी पुढे हेही स्पष्ट केले की नुसते आत येऊ देणे पुरेसे नाही. ठरलेल्या अटी मान्य असतील तर सेवाही दिली पाहिजे. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच व्यापक अर्थाचा आधार घेऊन खाजगी शिक्षणसंस्थाही या कलमाखाली आणल्या.

बाबासाहेबांना हा शब्द इतका रुंद का हवा होता, हे महाराष्ट्राला सांगायला नको. महाडच्या चवदार तळ्याच्या खटल्यात स्पृश्य वादींचा दावा हाच होता की तळे आमचे आणि रूढी आमची. 1927 च्या सत्याग्रहानंतर तो वाद दहा वर्षे चालला आणि 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की ही रूढी अनादिकालापासूनची असल्याचे सिद्ध झालेले नाही. खाजगी मालकी आणि धर्माचार ही ढाल नवी नाही. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनामधील एका खाणावळवाल्यानेही काळ्या लोकांना बसवून जेवू घालणे आपल्या धर्माविरुद्ध आहे, असे कोर्टात सांगितले होते. 1968 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव निरर्थक ठरवला. अर्थात अलीकडे तिथेही वारे थोडे फिरले आहे. 2023 मध्ये संकेतस्थळे तयार करणाऱ्या एका बाईंना आपल्या श्रद्धेविरुद्धचा मजकूर रचण्याची सक्ती करता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने म्हटले. मजकूर रचायला लावणे आणि ताट वाढायला लावणे यांत फरक आहे, एवढे आम्हांला समजते.

फरक महत्त्वाचा आहे, आणि आमचे म्हणणे त्यावरच उभे आहे. ताटात काय वाढायचे ते मालकाच्या श्रद्धेने ठरवावे, ताटावर कोण बसणार ते ठरवू नये. शुद्ध शाकाहारी खाणावळ चालवणाऱ्याला कोणी मटण शिजवायला लावू शकत नाही. हलाल विकणाऱ्याने झटका ठेवलाच पाहिजे, असेही नाही. एकादशीला, शुक्रवारी वा अमावास्येला दुकान बंद ठेवायचे तर खुशाल ठेवा. कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यपदार्थांच्या दुकानांवर मालकांची नावे लावण्याचा हुकूम उत्तर प्रदेश व उत्तराखंडात निघाला होता. 22 जुलै 2024 रोजी त्याला अंतरिम स्थगिती देताना सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद केला. कोणते अन्न मिळते ते लिहायला सांगा, मालकाचे व नोकरांचे नाव लिहायची सक्ती करू नका.

देऊळ, मठ, दर्गा यांची गोष्ट निराळी. 26 व्या कलमाने धर्मपंथांना आपले धर्मकार्य चालवण्याची मुभा आहे. गाभाऱ्यात पूजा कोणी करावी हा दुकानदारीचा प्रश्न नाही. पण जत्रेत बांगड्या आणि बत्तासे विकणे हे कोणत्या देवाचे धर्मकार्य आहे? आमच्याच हुमनाबादजवळच्या माणिकनगरला माणिकप्रभूंनी सकलमताचा संप्रदाय उभा केला, तिथे हिंदू आणि मुसलमान दोघेही भक्त म्हणून येत राहिले. दामाजीपंतांची कथा तर बिदरच्या दरबारातच घडते. दुष्काळात धान्याची कोठारे उघडली ती भुकेल्यांसाठी, जात विचारून नव्हे; आणि त्या धान्याचे पैसे भरायला विठ्ठल आला तो विठू महार होऊन. दरवर्षी ही कथा भक्तिभावाने ऐकणाऱ्यांनी गिऱ्हाइकाचे आडनाव विचारावे, हे शोभत नाही.

खरी अडचण पुढे आहे. 15 वे कलम आहे, पण ते मोडणाऱ्याला शिक्षा कोणती? अस्पृश्यतेच्या कारणावरून माल वा सेवा नाकारली तर 1955 च्या कायद्याने शिक्षा आहे. आता त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. धर्मावरून नाकारली तर खाजगी दुकानदाराला शिक्षा करणारा असा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. ज्याला हाकलले त्याने उच्च न्यायालयाची पायरी चढायची. भाजी विकणारा ती कधी चढणार? घरभाड्याच्या बाबतीत तर कलमाचे शब्दही तोकडे पडतात. 2005 मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व पारशांपुरते ठेवण्याचा पोटनियम सर्वोच्च न्यायालयाने वैध मानला. सहकारी संस्था स्वेच्छेने एकत्र आलेल्यांची असते हा त्यामागचा विचार आम्हांला कळतो, पण अख्खी शहरे अशा संस्थांनीच वसू लागली तर परक्याने राहायचे कुठे?

आता आपल्या पोटात दुखणारी गोष्ट. 15 व्या कलमाच्या यादीत धर्म आहे, जात आहे, जन्मस्थान आहे. भाषा नाही. 29 व्या कलमात भाषा येते, पण ती सरकारी वा अनुदानित शिक्षणसंस्थांतील प्रवेशापुरती. म्हणजे उद्या एखाद्याने 'मराठी बोलणाऱ्याला गाळा देत नाही' असे ठरवले, तर कलमातले एकही अक्षर सरळ आपल्या बाजूने उभे राहणार नाही. 1956 पासून आपण या राज्यात भाषिक अल्पसंख्य आहोत आणि 2004 चा दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. 'दुकान माझे, मर्जी माझी' हा मंत्र भालकीत वा बसवकल्याणात रूढ झाला, तर त्याची झळ केवळ मुसलमान व्यापाऱ्यापाशी थांबेल, असे समजणारा मराठी माणूस फार भोळा म्हणावा लागेल.

म्हणून भेदभावविरोधी कायद्याची मागणी आपण करावी, आणि त्यात धर्माबरोबर भाषेचाही उल्लेख असावा. आमदारांकडे निवेदन घेऊन जाताना मात्र ते विचारतील की तुमच्या समाजाच्या मंगल कार्यालयांचे काय. वर्गणीतून बांधलेली, पण भाडे घेऊन सर्वांना दिली जाणारी ही सभागृहे घटनेच्या भाषेत दुकानेच झाली. ज्यांच्या आरक्षणाच्या अर्जावर जातीचा रकाना असेल, त्यांनी तो निवेदनाआधी काढून टाकावा. नवे अर्ज छापायला काही फार खर्च येत नाही.